‘हाल’ शब्दाचे दोन अर्थ : घरच्या रुग्णासाठी माणूस नेमताना

सकाळचे अकरा वाजले असतील. मी शाळेत तासावर होते. शिपाई सांगत आला, घरून फोन आहे. सासूबाईंना सांभाळायला ठेवलेल्या बाई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या होत्या. "वहिनी, लवकर या. आजींचे फार हाल होताहेत. मघापासून सारखं ‘हाल, हाल’ म्हणताहेत आणि कुठं दुखतंय ते सांगत नाहीत." मुख्याध्यापकांना सांगून, रिक्षा करून मी टिळकवाडीहून शहापूरला घरी पोचले. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. मला पाहताच म्हणाल्या, "हाल कोड." कपभर दूध कोमट करून दिले. त्या प्याल्या आणि शांत झोपी गेल्या.

ज्यांच्या घरात दोन्ही भाषा नांदतात, त्यांना एव्हाना हसू आले असेल. मराठीत हाल म्हणजे यातना आणि कन्नडमध्ये हाल म्हणजे दूध. त्या दिवशी आम्हीही खूप हसलो. पण पुढच्या दहा दिवसांत जे झाले, त्यात हसण्यासारखे काही नव्हते.

सासूबाईंचे माहेर गोकाककडचे. लग्न होऊन शहापूरच्या मराठी घरात आल्या, त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली. मराठी इतकी सफाईदार की, त्यांचे माहेर कन्नड आहे हे शेजारणींना सांगावे लागे. दोन वर्षांपासून विसरभोळेपणा वाढला होता. गेल्या वर्षी न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली, पण इस्पितळातच मनाचा गोंधळ वाढला. मराठी हळूहळू मागे पडत गेली. रात्री तर त्या फक्त कन्नड बोलत, तेही लहानपणचे, माहेरच्या अंगणातले.

आम्ही दोघेही नोकरीवर, दीर पुण्याला, नणंद धारवाडला. घरी सोडण्याच्या दिवशी इस्पितळाच्या व्हरांड्यात कुणीतरी एका ब्युरोचा नंबर दिला. फोनवर त्यांनी तीन गोष्टी विचारल्या : पेशंट बाई की पुरुष, वजन किती, ॲडव्हान्स कधी देता? आम्ही एकच विचारली : महिन्याचे किती? संध्याकाळी बाई हजर झाल्या. मराठवाड्यातल्या, बोलायला लाघवी. मराठी घराला मराठी बाई मिळाली, आणखी काय हवे, म्हणून आम्ही निश्चिंत झालो.

दुधाच्या प्रसंगानंतर दहा दिवसांनी नणंद धारवाडहून आल्या. आईजवळ बसल्या आणि लगेच मला हाक मारली. "वहिनी, आई ‘बेन्न ब्यानी’ म्हणतीय. पाठ दुखतीय म्हणतीय ती." कुशीवर वळवून पाहिले तर माकडहाडावर रुपयाएवढी जखम, कडेने काळपट. बाई म्हणाल्या, "आजी रोज रात्री तसंच काहीतरी बोलत होत्या. मला वाटलं, भ्रमात आहेत." ती जखम भरायला दीड महिना लागला. दर एक दिवसाआड ड्रेसिंग आणि प्रत्येक वेळी त्यांचा तो कळवळलेला चेहरा!

दोष एकट्या बाईंचा नव्हता. त्यांना कुणी शिकवले नव्हते. ब्युरोने आजींची भाषा विचारली नाही आणि ती सांगावी हे आम्हालाही सुचले नाही. आम्हीही रोज संध्याकाळी घरी होतो. पाठ पाहायला आम्हालाही कुणी अडवले नव्हते. त्या दीड महिन्यात आम्ही दुसरी संस्था शोधली आणि या वेळी नीट शोधली. त्यातून जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडच्या कित्येक घरांची मुले पुण्या-बंगळूरला आहेत. आज ना उद्या ही वेळ त्यांच्यावर येणारच आहे.

आधी गरज लिहून काढा

संस्थेला फोन करण्याआधी कागद घ्या आणि रुग्णाचा दिवस तासातासाने लिहा. कधी उठतात, स्वतः बसतात का, संडासला नेण्यासाठी एक माणूस लागतो की दोन, जेवण भरवावे लागते का, गोळ्या किती वेळा, रात्री कितीदा उठतात. हा कागद तयार झाला की आपल्याला सांभाळणारी बाई हवी की नर्स, हे आपोआप ठरते.

हा फरक महत्त्वाचा आहे. अंघोळ, कपडे, भरवणे, फिरवणे, कूस बदलणे ही कामे शिकवलेली सहायिका करू शकते. कौशल्य विकास योजनेतून ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ किंवा ‘होम हेल्थ एड’ असे अभ्यासक्रम केलेल्या मुली आता मिळतात. पण इंजेक्शन, सलाईन, नाकातली नळी घालणे, लघवीची नळी बदलणे ही नर्सची कामे आहेत. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा आणि बी. एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा असतो. पांढरा कोट घातला म्हणून कुणी नर्स होत नाही. नर्सच्या दराने पैसे मागत असतील, तर नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचे प्रमाणपत्र बघायला मागा. कर्नाटकात शिकलेल्यांची नोंदणी इकडच्या कौन्सिलकडे आणि महाराष्ट्रात शिकलेल्यांची तिकडच्या कौन्सिलकडे असते.

संस्था आपल्याला काय विचारते?

आपण संस्थेला विचारायच्या प्रश्नांची यादी कुणीही देईल. आमचा अनुभव सांगतो की, आधी संस्था आपल्याला काय विचारते ते ऐकावे. पहिल्या ब्युरोने वजन आणि ॲडव्हान्स विचारला. दुसऱ्या संस्थेच्या ताई पैशाचे बोलण्याआधी घरी आल्या. पलंगाची उंची पाहिली, न्हाणीत धरायला दांडा आहे का पाहिले, डिस्चार्जचा कागद वाचला. मग सासूबाईंजवळ खुर्ची ओढून बसल्या आणि आम्हाला विचारले, "रात्री जाग आली की आजी कुठल्या भाषेत बोलतात?"

त्या एका प्रश्नावर माझा अर्धा निर्णय झाला.

आणखीही त्यांनी विचारले. सोवळेओवळे आहे का? घरात मांसाहार चालतो का? आजींना कुणाचा हात लागलेला आवडत नाही? बाईंच्या हाताखाली दिवसा घरी कोण असणार? चक्कर आली तर कुठल्या डॉक्टरांना फोन करायचा? ज्यांना रुग्णाची माहिती नको, फक्त पत्ता हवा, त्यांच्याकडे माणसे पुष्कळ असतील, पण आपल्या माणसासाठी माणूस निवडायला त्यांना सवड नाही, हे ओळखावे.

पहिली भाषा शेवटपर्यंत

भाषेचे इतके काय, असे कुणाला वाटेल. विस्मृतीच्या आजारात अलीकडचे आधी पुसले जाते आणि जुने उशिरापर्यंत टिकते. भाषेचेही बहुधा तसेच होते. आयुष्याच्या मध्यावर शिकलेली भाषा निसटू लागते आणि आईच्या मांडीवर ऐकलेली उरते. दोन भाषा येण्याचा फायदाही आहे बरं का. हैदराबादच्या निम्स संस्थेतील ६४८ रुग्णांचा डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तो २०१३ साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसली, असे त्यात आढळले. आपल्या सीमाभागातल्या आज्या-आजोबांना ही ठेव न मागता मिळालेली आहे. पण आजार सुरू झाल्यावर मात्र त्यांची पहिली भाषा कोणती होती, हे घराला माहीत असले पाहिजे.

म्हणून आम्ही एका कोऱ्या कागदावर वीस शब्द लिहून पलंगाच्या डोक्याशी चिकटवले. नीर म्हणजे पाणी, हाल म्हणजे दूध, ऊट म्हणजे जेवण, बेन्न म्हणजे पाठ, ब्यानी म्हणजे दुखणे, साकु म्हणजे पुरे, ब्याड म्हणजे नको. आजी मराठी असतील आणि येणारी बाई कन्नड, तर हाच कागद उलटा लिहावा. दहा मिनिटांचे काम आहे. आम्ही पहिल्याच दिवशी केले असते तर ती जखम झाली नसती, असे मला अजून वाटते.

सीमेच्या अलीकडचे आणि पलीकडचे कागद

इकडच्या संस्थांकडे खानापूर, हुक्केरी, बैलहोंगल या भागांतून मुली येतात, तशा चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याहूनही येतात. त्यामुळे ओळखीचे कागद दोन राज्यांचे असतात. आधार कार्डाची प्रत, मूळ गावचा पत्ता, घरच्या एका माणसाचा फोन आणि आधी काम केलेल्या दोन घरांचे नंबर संस्थेने द्यायला हवेत. त्या दोन घरांना खरोखर फोन करा आणि एवढेच विचारा, "पुन्हा गरज पडली तर यांनाच बोलवाल का?" उत्तर देण्याआधी समोरचा किती वेळ थांबतो, त्यावरून बरेच कळते.

पोलीस पडताळणी झाली आहे, असे तोंडी सांगतात. कागद मागा. कर्नाटकात हा अर्ज ‘सेवा सिंधू’ या सरकारी संकेतस्थळावरून करता येतो. बाई महाराष्ट्रातल्या असतील, तर पडताळणी त्यांच्या मूळ गावच्या पोलीस ठाण्यातून झाली आहे का ते पाहा. इथल्या भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावरची पडताळणी पुरेशी नाही.

करार बहुतेक इंग्रजीत असतो, कधी कन्नडमध्ये. घरात जो कागद वाचू शकतो त्याने तो मोठ्याने वाचून सर्वांना सांगावा आणि पुण्याच्या भावालाही फोनवर ऐकवावा. सही आपली असेल, तर अर्थही आपल्याला कळला पाहिजे.

पैशाचे आधीच बोला

पुढच्या गोष्टी लेखी घ्या. महिन्याचा दर किती आणि त्यात जेवण धरले आहे का? नोंदणी फी, डिपॉझिट किती आणि परत कधी? जीएसटी वेगळा लावणार का? बाई सुट्टीवर गेल्या तर त्या दिवसाचे पैसे कापणार का? मधेच काम थांबवायचे झाले तर किती दिवस आधी सांगायचे? आजी इस्पितळात गेल्या तर त्या दिवसांचे काय?

आणखी एक प्रश्न विचारायला आपण संकोचतो, पण विचारावा : आम्ही देतो त्यातले बाईंच्या हातात किती पडतात? जिथे बाईंच्या हाती फार थोडे पडते, तिथे बाई टिकत नाहीत. आमच्याकडे पहिल्या ब्युरोने जखमेनंतर तीन आठवड्यांत तीन बाया बदलल्या. विस्मृतीच्या रुग्णाला दर आठवड्याला नवा चेहरा म्हणजे दर आठवड्याला घरात शिरलेले परके माणूस.

चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी बाई नव्हे, हेही लक्षात घ्या. रात्री चार वेळा उठावे लागणारा रुग्ण असेल, तर दिवसाची आणि रात्रीची बाई वेगळी हवी किंवा रात्रीचे दोन प्रहर घरच्यांनी वाटून घ्यावेत. बाई एक दिवस आल्या नाहीत तर बदली किती तासांत येणार, हेही करारात लिहून घ्या. संस्थेचा रात्रीचा नंबर रात्री साडेनऊला लावून पाहा. उचलला नाही, तर रात्री दोनला तो उचलणार नाही.

पैसे बँकेतून द्या आणि पावती घ्या. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत कसूर झाली तर ग्राहक म्हणून तक्रार करता येते. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगही आहे. पण तिथे पावती लागते, तोंडी शब्द चालत नाही.

पहिले तीन दिवस

शक्य असेल तर पहिले तीन दिवस घरातल्या एकाने रजा घ्यावी. पाळत ठेवण्यासाठी नव्हे. घराची रीत बाईंना कळावी आणि बाईंचे काम आपल्याला कळावे म्हणून. या गोष्टी पाहाव्यात.

हात लावण्याआधी त्या रुग्णाला सांगतात का? "आजी, आता कूस बदलूया," एवढे म्हणणाऱ्या बाई वेगळ्याच. भरवण्याआधी आणि स्वच्छतेनंतर साबणाने हात धुतात का?

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. हवेची गादी घातली तरी हे चुकत नाही. माकडहाड, खुबे, टाचा या जागा रोज अंघोळीच्या वेळी पाहाव्या लागतात. लाल झालेली जागा बोटाने दाबल्यावर फिकी पडत नसेल, तर ती जखमेची सुरुवात समजावी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे ती जागा गरम किंवा कडक लागते का ते हाताने पाहावे. अशा जागी जोराने चोळू नये. बाईंना हे विचारा. "तेल लावून रगडते," असे उत्तर आले तर संस्थेने त्यांना शिकवलेले नाही.

झोपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालतात का, हेही पाहा. भरवताना रुग्ण बसता हवा आणि नंतरही अर्धा तास तरी टेकून बसलेला हवा, नाहीतर घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली टांगलेली हवी. रुग्णाला मधुमेह असेल, तर साखर उतरल्याची लक्षणे विचारा : घाम, थरथर, बावचळल्यासारखे बोलणे. यंत्रावर ७० पेक्षा कमी आकडा दिसला आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर लगेच साखरेचे पाणी द्यायचे आणि आपल्याला फोन करायचा, हे त्यांना माहीत असायला हवे.

एक वही ठेवा. आमच्या दुसऱ्या बाई कन्नड लिहितात. माझ्या पुण्याच्या जाऊबाईंना कन्नड वाचता येत नाही. म्हणून आम्ही वहीत रकाने आखले : वेळ, खाणे, पाणी, गोळी, कूस, लघवी, संडास. बाई फक्त खूण करतात. दर रविवारी पानाचा फोटो पुण्याला जातो आणि दीर-जाऊ तो वाचून फोन करतात. त्यामुळे लांब राहणाऱ्यांनाही काळजीत वाटा घेता येतो.

दागिने लॉकरमध्ये ठेवावेत, एटीएमचे कार्ड आणि त्याचा आकडा कुणाला देऊ नये आणि घरात पैसे मोजून ठेवावेत. हे संशयापोटी नाही. उद्या काही हरवले तर निष्पाप बाईंवर आळ येऊ नये, म्हणूनही हे करायचे. अंगावर न सांगता येणारे व्रण, एकाएकी आलेला घाबरटपणा, बाई जवळ आल्या की आक्रसणे ही लक्षणे दिसली, तर वाट पाहू नये. संस्थेला कळवा आणि गरज वाटली तर १४५६७ या ज्येष्ठ नागरिकांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. तो फोन मोफत आहे.

बाईंचेही घर असते

आता दुसरी बाजू. संस्था पारखताना आपलेही घर पारखले जात असते. बाईंना झोपायला धड जागा आहे का? आपण जेवतो तेच त्या जेवतात का? आठवड्याची सुट्टी मिळते का? पाऊणशे किलोचा माणूस एकटीने उचलायला लावला तर त्यांची कंबर मोडणार आणि आपली आजी पडणार. धुणीभांडी, मुलांचा डबा, पाहुण्यांचा चहा ही कामे ठरलेली नसतील तर त्यांच्या गळ्यात घालू नयेत. आजींसाठी म्हणून आलेल्या बाई स्वयंपाकघरात अडकल्या, तर आजी एकट्याच पडतात.

संस्था कितीही चांगली असली, तरी घरच्यांचा वाटा उरतोच. रोज रात्री एकदा आपल्या हाताने कूस बदलावी, पाठ पाहावी आणि दोन शब्द बोलावेत. जे काम दुसऱ्याकडे सोपवले, ते आपल्यालाही येत असले पाहिजे. तरच ते नीट होते की नाही हे कळेल.

आमच्याकडे आता हुक्केरी तालुक्यातल्या बाई आहेत. दोन्ही भाषा येतात. पहिल्या दिवशी त्या आल्या, हातपाय धुतले आणि सासूबाईंच्या पलंगाशी बसून म्हणाल्या, "हाल तगोरी, अव्वा." घ्या, आई, दूध घ्या. सासूबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले आणि त्यांच्या गावाचे नाव विचारले. इस्पितळातून आल्यापासून त्यांनी कुणालाही प्रश्न विचारला नव्हता. मी दारात उभी होते. पन्नास वर्षे आमच्या मराठी घरात राहिलेल्या या बाईंशी मी कन्नडमध्ये चार वाक्येही नीट बोलू शकत नाही, याची मला त्या क्षणी लाज वाटली. आता रोज रात्री त्यांची पाठ पाहताना मी एक नवा शब्द विचारून घेते. चुकले की त्या हसतात.